घंटेचं बेट

कंपाउंडरांच्या लेकीला ऑफिसातून बोटीच्या सहलीचे दोन पास मिळाले, आणि सहलीच्या आदल्या दिवशी त्याच ऑफिसने तिला सुट्टीच्या दिवशीही कामाला बोलावलं. तिने फोन केला. "बाबा, पास वाया जातील. तुम्ही आणि आत्या जाऊन या ना. किनाऱ्याकिनाऱ्याने बोट जाते, तीन बेटं दाखवतात, दिवेलागणीच्या आत परत."

"कोणती तीन?" कंपाउंडरांनी विचारलं.

"पक्ष्यांचं, खाणीचं आणि घंटेचं. घंटेच्या बेटावर आता उतरूही देतात. यंदापासूनच."

कंपाउंडर म्हणाले की त्यांना बोट लागते. हे धादांत खोटं होतं. चाळीस वर्षं एका डॉक्टरांच्या दवाखान्यात औषधं देण्यात गेलेल्या या माणसाला कशाचाच त्रास होत नसे. दुसऱ्याला काय होतंय हे मात्र लांबून कळे. दवाखाना मागच्या वर्षी बंद झाला, तरी गल्लीत त्यांना अजून सगळे कंपाउंडरच म्हणत.

"आत्याला विचारून बघ," ते शेवटी म्हणाले. आत्या, म्हणजे त्यांची थोरली बहीण, कधीच हो म्हणणार नाही याची त्यांना खात्री होती. एकोणसाठ वर्षांत ताईने बोटीत पाऊल टाकलं नव्हतं. धक्क्यावर मासळी आणायलासुद्धा ती जात नसे. शेजारणीला पिशवी देई.

अर्ध्या तासात ताईचा फोन आला. "किती वाजता सुटते?"

"ताई, घंटेच्या बेटावर जाते ती."

"ऐकू येतं मला. किती वाजता सुटते ते विचारलं."

ताई चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. तिचं बोलणं अजूनही तसंच: जेवढ्यास तेवढं, आणि उत्तर मिळेपर्यंत फोन न सोडणारं. कंपाउंडर म्हणाले, नऊ वाजता.

घंटेच्या बेटाबद्दल या दोघांत कधी बोलणं होत नसे. कंपाउंडरांचा जन्म त्याच बेटावरचा. त्यांचे वडील तिथे राखणदार होते. रात्री दिवा लावायचा, आणि धुकं पडलं की बोटींना खडक कुठे आहे ते कळावं म्हणून मोठी घंटा वाजवायची, हे त्यांचं काम. कंपाउंडर सात वर्षांचे आणि ताई बारा वर्षांची असताना एका सकाळी दाट धुक्यात घंटा थांबली, आणि सामान घेऊन येणारी बोट खडकावर आपटली. बोटीचा तांडेल बुडाला. चौकशी झाली. वडिलांनी सांगितलं, "मला झोप लागली." नोकरी गेली, आठवड्याभरात चौघं किनाऱ्यावर आले, आणि वडील बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायला लागले.

गाव लहान असलं की बातमीला पाय नाही, पंख फुटतात. शाळेच्या पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत पोरांनी कंपाउंडरांभोवती फेर धरला होता: "टण टण टण, झोपला कोण?" ते गाणं चौथीपर्यंत पुरलं. त्यानंतर ते वडिलांबरोबर रस्त्याने चालले नाहीत. चालायची वेळ आलीच तर दहा पावलं पुढे राहत. मोठेपणी बोलणं होतं, पण कामापुरतं. वडील गेले तेव्हा कंपाउंडर औषधांच्या एका प्रशिक्षणासाठी दुसऱ्या शहरात होते. तार मिळाली त्याच दिवशी निघता आलं असतं. ते दुसऱ्या दिवशी निघाले. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही, आणि ती आता नव्हती.

नऊला पाच कमी असताना ताई धक्क्यावर हजर होती. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, काखेत पिशवी. "तुझा शर्ट इस्त्रीचा आहे," ती म्हणाली. "खाऱ्या वाऱ्यात काय उपयोग?" एवढं बोलून ती फळीवरून सरळ बोटीत चढली. कंपाउंडरांनी हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

बोटीत तीसेक माणसं होती. माहिती सांगायला पस्तिशीची एक बाई होती, निळी टोपी घातलेली, हातात माइक. तिचा घसा बसला होता. कंपाउंडरांनी तिच्या पहिल्या वाक्यालाच निदान केलं: आवाजाचा अतिवापर, वर गार पाणी. खिशातली आल्याची गोळी काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली. "चघळा. गिळू नका."

"सगळ्यांत आधी उजवीकडे बघा," माहितीवाली म्हणाली. "जुना बर्फाचा कारखाना. आता इथे हॉटेल होणार आहे."

समुद्राच्या बाजूने कारखाना कंपाउंडरांनी प्रथमच पाहिला. शहरातून दिसायची ती नुसती लांब राखाडी भिंत. इकडून मात्र तीन मजले दिसत होते, आणि वरून पाण्यापर्यंत उतरलेली पत्र्याची पन्हळ. तिच्यातून बर्फाचा चुरा खाली मच्छीमारांच्या होड्यांत पडत असे. पन्हळ गंजून लाल झाली होती.

"तिसरी खिडकी," ताई म्हणाली. "बाबा तिथून डबा दाखवायचे. मी कामावर जाताना खालच्या बांधावरून जायची ना, तेव्हा. डबा उलटा धरायचे. म्हणजे सगळं खाल्लं."

"मला माहीत नव्हतं."

"तू त्या रस्त्याने कधी आलास?"

बोट बंदराच्या भिंतीबाहेर आली आणि हलायला लागली. एका बाईने लगेच डोळे मिटून घेतले, एका लहान मुलीने आनंदाने आरोळी ठोकली. किनारा आता पट्टीसारखा सरकत होता: आधी गोदामं, मग वाळत घातलेली जाळी, मग घरं विरळ होत जाऊन नुसता तांबडा कडा. कड्याच्या पोटात गुहा होत्या. लाट आत शिरली की धप् असा आवाज व्हायचा आणि गुहेच्या तोंडातून पाण्याचे तुषार बाहेर यायचे. माहितीवालीने सांगितलं की त्या गुहांत चाचे सोनं लपवत.

"भरतीला त्या छतापर्यंत भरतात," ताई हळूच म्हणाली. "सोनं लपवून ठेवणारा चाचा दिवसातून दोनदा बुडाला असता."

पक्ष्यांचं बेट दिसण्याआधी नाकाला कळलं. मग दिसलं, चुन्याने रंगवल्यासारखं पांढरंफटक, आणि त्यावर पाणकावळे आणि कुरव एवढे की दगडाला दगड लागावा तसा पक्ष्याला पक्षी लागून बसलेला. बोटीचं इंजिन मंद झालं तसा त्यांचा कलकलाट ऐकू यायला लागला. काही पंख पसरून वाळवत बसले होते, दोरीवर घातलेल्या कपड्यांसारखे. एका कपारीत पिल्लाने आईच्या घशात चोच थेट मानेपर्यंत घातली होती आणि आई डोळे मिटून उभी होती. माहितीवाली म्हणाली, एक राजकन्या प्रियकराची वाट बघत बघत इथे पक्षी झाली आणि तिच्या अश्रूंनी बेट पांढरं झालं.

"अश्रूंनी," ताई म्हणाली. "राजकन्येने मागे काय काय ठेवलंय, ते सगळ्यांच्या नाकाला कळतंय."

पुढच्या बाकावरचं जोडपं फिदीफिदी हसलं. कंपाउंडरांनाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी ताईबरोबर असं निवांत बसणं झालं होतं, आणि क्षणभर त्यांना वाटलं की आपण उगीच घाबरलो. तिसऱ्या बेटावर उतरायचंच नाही, बोटीतच बसून राहायचं, म्हणजे झालं.

खाणीचं बेट साबणाची वडी सुरीने कापावी तसं सरळ कापलेलं होतं. बंदराची भिंत, टपाल कचेरी, शहरातले सगळे जुने जिने याच दगडाचे. कापून ठेवलेले पण कधीच न नेलेले चिरे ओळीने पडले होते आणि प्रत्येकावर छिन्नीने आकडा कोरलेला होता. बोट अगदी जवळून गेली तेव्हा कंपाउंडरांनी ते आकडे वाचले. एकशे बारानंतर एकदम एकशे चौदा होता. एकशे तेरा कुठे गेला असेल, याचा विचार करत ते बसले असताना ताईने पिशवीतून पाव आणि उकडलेली अंडी काढली. मीठ तिने कागदाच्या पुडीत आणलं होतं, दवाखान्यातल्या पुडीसारखी घडी घालून.

"पुडी छान बांधलीस," ते म्हणाले.

"तुझंच बघून शिकले," ताई म्हणाली. तिने स्वतः मात्र काही खाल्लं नाही.

बोट वळली. समोर घंटेचं बेट आलं: बुटकं, काळं, वर एक पांढरा मनोरा आणि त्याच्या बाजूला लोखंडी चौकट. माहितीवालीने माइक तोंडाजवळ धरला आणि आवाज खाली आणला. ही तिची हातखंडा गोष्ट असणार, हे कुणालाही कळलं असतं.

"आता आपण जातोय ते शापित बेट. साठ वर्षांपूर्वी इथे एक राखणदार राहायचा. पक्का दारुडा. एके दिवशी असं धुकं पडलं की स्वतःचा हात दिसेना. राखणदार ढोसून पडला होता, घंटा वाजलीच नाही, आणि चाळीस उतारूंची बोट या खडकावर फुटली. एकही वाचला नाही. तेव्हापासून धुकं पडलं की घंटा आपोआप वाजते. दोर नाही, माणूस नाही, तरी वाजते."

"दारू सरकारी असणार," कुणीतरी म्हणालं. माणसं हसली.

कंपाउंडरांचे कान तापले. बोटीतल्या तीस माणसांत आपल्या कपाळावर काही लिहिलंय की काय, असं त्यांना वाटलं. त्यांनी मान खाली घालून अंड्याचं कवच रुमालात गोळा करायला घेतलं. "ताई," ते कुजबुजले, "आपण उतरायला नको. माझं डोकं दुखतंय."

"तू बस," ताई म्हणाली. "मी जाते." आणि ती सगळ्यांच्या आधी उठली.

एकाहत्तर वर्षांच्या बहिणीला शेवाळलेल्या पायऱ्यांवर एकटीला कसं सोडायचं? कंपाउंडर मागोमाग उतरले.

पायऱ्या एकशे सहा होत्या. ताई मध्ये दोनदा थांबली, पण एकदाही बसली नाही. वरचं घर त्यांच्या आठवणीपेक्षा फारच लहान निघालं. दोन खोल्या, एकीत आता बेटाची छायाचित्रं लावली होती आणि दुसरीत, जिथे आईची चूल होती तिथे, प्रसाधनगृह केलं होतं. दाराशी रांग लागली होती. कंपाउंडरांना वाटलं होतं की आपल्याला काहीतरी दाटून येईल. तसं काही झालं नाही. उंबऱ्याच्या दगडाला मधोमध पडलेला खळगा तेवढा पायाने ओळखला.

घंटा चौकटीत होती. कमरेइतकी उंच, हिरवट पडलेली. दोराच्या जागी साखळी आणि साखळीला कुलूप. सहलीची माणसं तिच्यापुढे उभी राहून फोटो काढत होती. ती पांगेपर्यंत ताई थांबली, मग चौकटीच्या चौथऱ्यावर बसली आणि म्हणाली, "बस इथे. मला एक सांगायचंय, आणि मध्ये बोलू नकोस. तू मध्ये बोललास तर माझ्याच्याने पुढे व्हायचं नाही."

कंपाउंडर बसले.

"त्या दिवशी दोर माझ्या हातात होता," ताई म्हणाली.

खाली पाणी खडकावर आपटत होतं. ताई समोर बघत बोलत राहिली, कॉल जोडून देताना बोलावं तशी, स्वच्छ.

"धुकं आदल्या दिवशी सकाळी पडलं. दर मिनिटाला दोन ठोके. दुसरा राखणदार रजेवर गेला होता, त्याच्या जागी कुणी पाठवलंच नव्हतं. बाबांनी दिवसभर वाजवली, रात्रभर वाजवली. आई मधूनमधून ओढायची, पण तिला ती जड जायची. सकाळी बाबा बसल्या जागी डुलायला लागले. मी म्हटलं, मी ओढते. त्यांनी मला घड्याळ दिलं आणि म्हणाले, फक्त अर्धा तास. काही झालं तरी दोर सोडू नकोस. आणि ते आत जाऊन पडले."

तिने रुमालाची गाठ सोडली आणि परत बांधली.

"वीस मिनिटं मी नीट वाजवली. मग इंजिन ऐकू आलं. सामानाची बोट. तांडेलाने मला रंगीत पेन्सिली आणायचं कबूल केलं होतं, बाराची पेटी. आवाज इतका जवळ आला की मला वाटलं, बोट धक्क्याला लागलीच. आलेल्या बोटीसाठी कशाला वाजवायची? मी दोर सोडला आणि खाली पळाले. धुक्यात आवाज फसवतो, हे मला माहीत नव्हतं. बाबांना होतं, पण ते मला सांगायचं राहून गेलं. मी शेवटच्या पायरीवर असताना तो आवाज झाला. लाकडाचा."

"आणि बाबा?" मध्ये बोलायचं नाही, हे कंपाउंडर विसरले.

"ते आवाजानेच उठले. खाली आले, पाण्यात उतरले, दोघांना बाहेर काढलं. तांडेल सापडला नाही. मग मला पायरीवरून उचलून घरात नेलं आणि म्हणाले, तू घरात होतीस. घंटा माझ्याकडे होती, मला झोप लागली. ध्यानात ठेव. मी म्हटलं, पण बाबा. ते म्हणाले, पण नाही. एकदाच बोलले, पुन्हा जन्मभर कधी विषय काढला नाही."

कंपाउंडर उभे राहिले. काय वाटतंय ते त्यांचं त्यांनाच कळेना. आधी आला तो राग, आणि तो थेट ताईवर. "बाबा जाऊन एकतीस वर्षं झाली. एकतीस वर्षं तू मूग गिळून बसलीस? मी त्यांच्याशी कसा वागलो ते तू बघत होतीस. तार आली तेव्हा मी..." ते थांबले. "एका शब्दाने सांगता आलं नसतं तुला?"

"बाबा होते तोवर शब्द दिला होता म्हणून नाही सांगितलं."

"आणि नंतर?"

"नंतर भीती वाटली."

"कसली?"

"तू आता माझ्याकडे बघतोयस ना, त्याची."

कंपाउंडर तिथून चालू लागले. मनोऱ्याला एक चक्कर मारली, मग दुसरी. चक्कर मारून जाणार कुठे? बेट ते केवढं! तिसऱ्या चकरेला ताई तिथेच बसलेली दिसली आणि तिने जरा आवाज चढवून विचारलं, "तांडेलाच्या बायकोचं ऐकायचंय का, की आणखी फिरायचंय?"

ते लांबच उभे राहिले, पण थांबले.

"पंचविसाव्या वर्षी मी तिला शोधून काढलं. आमच्याच एक्स्चेंजच्या यादीत तिच्या भावाचं नाव होतं. गेले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, मारायचं तर मार. ती विळीवर भाजी चिरत होती. चिरायची थांबली आणि म्हणाली, धुक्यात बोट हळू चालव म्हणून मी त्याला शंभरदा सांगितलं होतं. कधी ऐकलं नाही. त्या दिवशी निघताना तर मी भांडले म्हणून तो आणखीच तणतणत गेला. ती आपली इतकी वर्षं स्वतःलाच धरून बसली होती. मग तिने मला उरलेली भाजी चिरायला दिली. वारली ती, दहा वर्षांपूर्वी. जायचे मी तिच्याकडे अधूनमधून."

खालून बोटीचा भोंगा वाजला. दोघं उतरू लागले. शेवाळाच्या पायरीशी कंपाउंडरांनी न बघता हात मागे केला आणि ताईने तो धरला. खाली आल्यावर त्यांनी तो सोडवून घेतला.

बोट सुटली. माहितीवाली परतीच्या वाटेवरचं काही सांगायला माइक उचलणार, तोच ताई जाऊन तिच्यापुढे उभी राहिली. "एक मिनिट मला द्या तो."

"आजी, माइक उतारूंना देत नाहीत. काही हरवलंय का?"

"तुमची गोष्ट चुकलीय. तो राखणदार माझा बाप."

माहितीवालीचा चेहरा उतरला. तिने कप्तानाकडे पाहिलं. कप्तान सुकाणू धरून समोर बघत होता. तिने माइक दिला.

ताईचा आवाज बसलेला नव्हता, थरथरणाराही नव्हता. "नमस्कार. मघाशी तुम्ही ऐकलंत त्यात थोडी दुरुस्ती आहे. राखणदार दारू पीत नव्हता, आयुष्यात कधी प्यायला नाही. बोटीत चाळीस नव्हे, तीन माणसं होती. एक बुडाला, दोघं वाचले, त्यांना राखणदारानेच पाण्यातून काढलं. आणि घंटा थांबली ती माझ्यामुळे. मी बारा वर्षांची होते, दोर माझ्याकडे होता, मी तो सोडला. बास, एवढंच."

मघाशी सरकारी दारूवर बोललेला माणूसच म्हणाला, वाईट हेतूने नव्हे, खरंच प्रश्न पडल्यासारखा: "पण बारा वर्षांच्या पोरीच्या हातात एवढं काम द्यायचं म्हणजे... चूक बापाचीच की."

ताईने माइक खाली घेतला.

"चोवीस तास झाले होते." कंपाउंडर उभे राहिले होते. बोट हलत होती म्हणून त्यांनी बाकाची पाठ धरली. "चोवीस तास ते जवळजवळ एकटेच वाजवत होते. त्यांचे हात..." आणि बोलता बोलताच त्यांना ते दिसलं. ही आठवण त्यांच्याजवळ कायम होती, पण कुठेच जोडलेली नव्हती, त्या एकशे तेरा नंबरच्या चिऱ्यासारखी. "आई त्यांना भरवत होती. त्या सकाळी, आत पडण्याआधी. मी तिथेच होतो. एवढा मोठा माणूस आईच्या हातून खातोय म्हणून मी हसत होतो. त्यांचे हात मिटतच नव्हते. तळव्याचं कातडं दोराला गेलं होतं. अशा हातांना दोर धरता येत नाही, कितीही जागा असला तरी. मी चाळीस वर्षं जखमा बांधल्यात, मला कळतं ते." त्यांनी श्वास घेतला. "तुम्ही असता तर दोर कुणाला दिला असतात?"

त्या माणसाने जरा विचार केला. "पोरीलाच दिला असता," तो म्हणाला आणि सरकून बसला. "या, बसा. पडाल."

कंपाउंडर बसले नाहीत. ते बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत गेले, ताईच्या हातातला माइक काढून माहितीवालीला परत दिला आणि ताईला दंडाला धरून बाकावर आणलं. तिचा रुमाल ओला झाला होता. तुषारांनी की कशाने, ते त्यांनी पाहिलं नाही. पिशवीतला उरलेला पाव काढून तिच्या हातात दिला. "खा. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

"रागावलायस ना?" ताई म्हणाली.

"रागावलोय," ते म्हणाले. "महिनाभर राहीन बहुतेक. तू खा."

ती खायला लागली.

बंदराची भिंत जवळ आली तेव्हा माहितीवाली त्यांच्या बाकाशी येऊन उकिडवी बसली. "काका, मला हे सगळं लिहून द्याल? मला दिलेल्या कागदात तसंच लिहिलेलं आहे हो, मी फक्त पाठ केलं. मालकांना दाखवते."

ताई सांगत गेली, कंपाउंडर लिहीत गेले. त्यांचं अक्षर सुवाच्य होतं. डॉक्टरांचं वाचण्यात हयात गेल्यामुळे त्यांनी स्वतःचं जाणूनबुजून नीट ठेवलं होतं. दोघांचं एकदा वाजलंही: पाण्यात उतरताना बाबांच्या अंगात कोट होता की नव्हता. होता, असं कंपाउंडरांचं म्हणणं, कारण तो नंतर दोन दिवस दारात वाळत होता. शेवटी कोट घातला.

दोन आठवड्यांनी माहितीवालीचा फोन आला. आवाज आता मोकळा झाला होता. मालकांनी दारू काढली होती, चाळीस माणसंही काढली होती. चोवीस तास आणि हातांचं घालायला ते तयार होते. फक्त घंटा आपोआप वाजते, हे काढायला तयार नव्हते. लोकांना आवडतं म्हणे.

कंपाउंडरांनी ताईला विचारलं. "वाजू दे," ताई म्हणाली. "मला नंतर रंगीत पेन्सिलीसुद्धा कधी घ्याव्याशा वाटल्या नाहीत, आणि त्यांना भुताची घंटा आवडते. ज्याचं त्याचं."

पण हे नंतरचं. सहलीच्या संध्याकाळी लेक कामावरून परस्पर कंपाउंडरांकडे आली होती. चपला काढता काढता तिने विचारलं, "कशी झाली सहल? काय काय बघितलं?"

कंपाउंडरांनी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, स्वतः तार आल्यावर एक दिवस उशिरा निघाल्याचंही. आजोबांचा एक फोटो तेवढा तिने पाहिला होता, कारखान्याच्या ओळखपत्रावरचा.

"कसे होते हो आजोबा?" तिने विचारलं. "म्हणजे माणूस म्हणून. काय आवडायचं त्यांना? हसायचे कशाला?"

कंपाउंडर आठवायला बसले. डबा, बर्फ, दहा पावलं मागून येणारा चपलांचा आवाज. याच्यापुढे त्यांना काही सापडेना. ते उठले आणि फोन लावला.

"ताई, बाबांना काय आवडायचं?"

"एवढ्यासाठी फोन केलास? आत्ताच तर घरी सोडलंस मला."

"हो. पोरगी विचारतेय."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. "बसलायस का? बस आधी. तिलाही जवळ घे, मला दोनदा सांगायला लावू नका," ताई म्हणाली आणि सांगायला लागली.